भिंतीवरची फिश टाकी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं काम करतो. घर वडगावात. काही वर्षांपूर्वी हॉलमध्ये जागा नाही म्हणून भिंतीवर अँगल ठोकून माशांची टाकी बसवली. ती बघून शेजाऱ्यांनी ब्रॅकेट करून मागितले, त्यांच्याकडे बघून त्यांच्या पाहुण्यांनी. आता ब्रॅकेट नेणारा माणूस आठ-पंधरा दिवसांत परत फोन करतो, "मासे मरायलेत की ओ, काय करू?" लोखंड माझं आणि मासे दुकानदाराचे, पण फोन मलाच. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून इथं लिहून ठेवतोय.

भिंतीवर अडकवायचा गोल प्लॅस्टिकचा वाडगा मिळतो. तो चालेल?

मनी प्लँटला चालेल. माशाला नाही. त्यात दोन-तीन लिटर पाणी मावतं. एवढ्याशा पाण्यात माशाची घाण साठायला दोन दिवस पुरतात, आणि थंडीच्या रात्री ते पाणी तांब्यातल्या पाण्यासारखं गार पडतं.

मी ज्या टाकीबद्दल बोलतोय ती काचेची, चपटी, साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० उंच आणि भिंतीपासून १२ सेंटिमीटर पुढं येणारी. खाली आलेल्या सगळ्या आकड्यांना हेच माप धरलंय.

भरल्यावर वजन किती होतं?

वर चार-पाच सेंटिमीटर मोकळं ठेवून पाणी भरलं तर आत सुमारे २३ लिटर मावतं, म्हणजे २३ किलो. पाच मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, त्या हिशोबानं या टाकीची काच ८ किलो. दोन-तीन किलो खडी, लाइट आणि पंप. सगळं मिळून ३५ किलो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, त्यावरून अंदाज घ्या.

आता गंमत बघा. टाकी चपटी असल्यामुळं वजनाचा मध्य भिंतीपासून फक्त सहा-सात सेंटिमीटरवर येतो. ब्रॅकेटची उभी पट्टी लांब असेल, वरच्या आणि खालच्या बोल्टांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर सगळा मिळून सात-आठ किलोच भरतो. तीच पट्टी १० सेंटिमीटरची आखूड केली की हा जोर पंचवीस किलोच्या घरात जातो. बाजारात तयार मिळणारे पुष्कळ ब्रॅकेट असेच आखूड, पुस्तकांच्या फळीसाठी केलेले असतात. उभी पट्टी लांब असलेलाच घ्या, नाहीतर करून घ्या. पट्टीला पैसे किती पडतात हो?

आमची भिंत हे वजन पेलेल का?

भिंत कसली आहे त्यावर आहे. काँक्रीटचा कॉलम किंवा बीम सापडला तर डोळे झाकून लावा. भाजलेल्या विटांची नाहीतर सिमेंटच्या भरीव ब्लॉकची भिंत असेल तर १० एमएमचे चार अँकर फास्टनर बास. अँकर गिलाव्यात नाही, विटेत घट्ट बसला पाहिजे. गिलावा दीड-दोन सेंटिमीटर खाऊन टाकतो, तेवढी लांबी जास्तीची धरायची. सांध्यात भोक पाडू नका, विटेच्या मधोमध पाडा. पांढऱ्या-करड्या हलक्या ब्लॉकची नवी बांधकामं येतात, त्याला साधा अँकर धरत नाही. त्याचे वेगळे फास्टनर मिळतात.

अडचण येते ती जांभ्याच्या भिंतीला. खानापूर तालुक्यात माझ्या मामाचं घर आहे. चिऱ्यांची दीड हात रुंद भिंत, सांध्यांत माती. मी म्हटलं, एवढी जाड भिंत, हिला काय होतंय. ड्रिल लावलं तर बिट लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं आणि खाली शहाबादीवर लाल भुकटीचा ढीग पडला, कुंकू सांडल्यासारखा. अँकर आवळला तसा तो भोकातच गोल फिरायला लागला. जांभा सच्छिद्र. अँकर फुगून दगडाला दाबतो तेव्हा दगडच आतून चुरतो. माझ्याबरोबर आलेला फिटर कन्नड बोलणारा. तो भिंतीवर थाप मारून म्हणाला, "गोडी वीक ऐत्री." पुण्याहून सुट्टीला आलेला मामाचा नातू मला विचारतो, "काका, गोडी कशाची कमी झाली?" त्याला सांगितलं, बाळा, कन्नडात गोडी म्हणजे भिंत.

अशा भिंतीला उपाय दोनच. भिंत आरपार भोकून पलीकडून लोखंडी पट्टी लावायची आणि लांब बोल्टनं दोन्ही बाजू आवळायच्या. नाहीतर ब्रॅकेटला खाली दोन पाय द्यायचे, जमिनीपर्यंत. पाय दिले तरी समोरून टाकी भिंतीवरचीच दिसते आणि वजन सगळं जमिनीवर जातं, भिंतीला फक्त टेकण राहतं. मामाकडं मी पायच दिले. कमीपणा वाटून घेऊ नका.

जुन्या घरात कोनाडा आहे. त्यात टाकी बसेल का?

झकास बसेल! मला सगळ्यात आवडणारी टाकी हीच. ड्रिल नाही, अँकर नाही. कोनाड्याचं माप घेताना वरची, मधली आणि खालची रुंदी वेगवेगळी मोजा. जुन्या गवंड्यांचा कोनाडा क्वचितच काटकोनात असतो. टाकी त्याहून दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटर कमी करून घ्या. वर हात आणि डबा जाईल एवढी, निदान वीतभर जागा सोडा. अगदी फिट्ट टाकी करून घेतलेल्यांना मग खायला घालायलाही टाकी बाहेर ओढावी लागते. तळाला थर्माकोलची शीट घाला म्हणजे उंचसखल दगडाचा दाब काचेवर एकाच जागी येणार नाही.

घरात माग आहेत. चालेल?

वडगाव, शहापूर, खासबागेत हा प्रश्न खरा आहे. यंत्रमाग चालू असताना त्याच भिंतीवर हात ठेवून बघा, कंप लागतो. त्या कंपानं नट हळूहळू सैल होतात आणि मासेही बिचकून कोपऱ्यात बसतात. मागाच्या खोलीला लागून असलेली भिंत सोडा. दुसरी भिंतच नसेल तर स्प्रिंग वॉशर आणि डबल नट घाला, टाकीखाली रबराची पट्टी द्या, आणि महिन्यातून एकदा पान्यानं नट तपासा.

कुठल्या भिंतीवर लावू?

वास्तूचं मला विचारू नका, ते तुमचे भटजी सांगतील. मी एवढंच बघतो. पश्चिमेची उन्हानं तापणारी भिंत नको. खिडकीसमोर नको, शेवाळ धरतं. गॅसजवळ नको, फोडणीचा तेलकट थर पाण्यावर येतो. पावसाळ्यात जी भिंत ओल धरते ती तर नकोच, आपल्याकडं खानापूर-कणकुंबी बाजूला अशा भिंती घरटी दोन सापडतील. टाकी आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवा म्हणजे वारा खेळतो. बोल्ट झिंक केलेले नाहीतर स्टेनलेसचे घ्या.

एक गोष्ट मात्र जीवावर बेतणारी आहे. डासांचं लिक्विड मशीन लावायचा प्लग बहुतेक घरांत नेमका त्याच भिंतीवर असतो. या लिक्विडमधलं, कॉइलमधलं आणि झुरळाच्या स्प्रेमधलं औषध माणसाला फारसं करत नाही, पण माशाला ते जालीम विष आहे. त्यातून हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. माझ्या एका गिऱ्हाईकाचे मासे दर दोन महिन्यांनी मरायचे आणि तो पाण्याला दोष द्यायचा. एकदा संध्याकाळी मी घरी गेलो, तर टाकीच्या खाली हातभर अंतरावर मशीनचा लाल दिवा जळत होता! मशीन दुसऱ्या खोलीत नेलं, प्रकरण मिटलं. गल्लीत फॉगिंगची गाडी आली की खिडक्या लावा, टाकीवर ओलं फडकं टाका आणि धूर विरेपर्यंत पंप बंद ठेवा.

पाणी कुठलं घालायचं?

शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं नळाचं पाणी येतं. ते माशाला चांगलं, फक्त त्यातलं क्लोरीन काढायला पाहिजे. उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं की बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, बाटलीवरच्या मापानं घाला. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा थेंब घालाच.

विहिरीचं पाणी असेल तर पंचायतीनं टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी टाकली ते विचारा. टाकल्यावर आठवडाभर ते पाणी टाकीत नको. गढूळ पाण्याला बायका तुरटी फिरवतात, ते प्यायला ठीक. टाकीत मात्र तुरटीनं पाण्याचा आंबटपणा एकदम बदलतो.

बोअरचं पाणी बहुतेक जड. ओळखायचं कसं, तर साबणाला फेस येत नाही आणि हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या लोकांना हे सांगायला नको. हे पाणी वाईट नाही. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवतं. टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांच्या नादाला मात्र लागू नका.

गावागावांत नाणं टाकून पाणी भरायचे आरओ प्लांट झालेत. "चांगलं पाणी" म्हणून काही जण तेच टाकीत ओततात. त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात. फार जड बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळायला ते उपयोगी, नुसतं नको.

टाकी आज बसवली. मासे उद्या आणू?

नका हो. निम्म्याहून जास्त मासे इथंच मरतात.

मासा पाण्यातच विष्ठा टाकतो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, त्याचा त्रास कमी आणि ते पाणी बदलताना निघून जातं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे जातात. दह्याला विरजण लागतं तसंच. म्हणून कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा तुकडा किंवा मूठभर खडी मागून आणा आणि ओली असतानाच घाला. विरजण मिळालं की मुदत बरीच खाली येते.

माझी पहिली टाकी मी शनिवारी संध्याकाळी भरली आणि रविवारी सकाळी चार गोल्डफिश आणून सोडले. दुकानदारानं "काय होत नाही, घेऊन जावा" म्हटलेलं. पाचव्या दिवशी पाणी पांढरट झालं. मी घाबरून सगळं पाणी बदललं, खडी नळाखाली घासून धुतली. थोडेफार जमलेले जिवाणू त्यातच वाहून गेले. अकराव्या दिवशी चौथा मासा गेला.

टाकी आणल्या आणल्या आधी अंगणात वर्तमानपत्रावर ठेवून दोन दिवस भरलेली ठेवा. कुठं पाझरते का ते कागद लगेच सांगतो. पाझरली तर सिलिकॉन लावताना बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, त्यातलं औषध माशांना मारतं. मग भिंतीवर चढवा, पंप चालू करा, रोज चिमूटभर खाद्य टाकत रहा. कुजलेल्या खाद्यातून जिवाणूंना अमोनिया मिळतो. चौथ्या आठवड्यात एक-दोन मासे, उरलेले पंधरा दिवसांनी. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घालायचं. शेवटी मासा जाळीनं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

कुठले मासे आणि किती?

इथं लोक लिटर मोजतात. मी पृष्ठभाग मोजतो. पाण्यात प्राणवायू शिरतो तो वरच्या उघड्या भागातून. आपल्या चपट्या टाकीचा उघडा भाग सुमारे ६५० चौरस सेंटिमीटर. तेवढंच पाणी मावणाऱ्या ४० बाय २५ च्या टेबलावरच्या टाकीचा हजार. म्हणजे पाणी सारखं असलं तरी भिंतीवरच्या टाकीत मासे दोन-तृतीयांशच ठेवायचे. हे एवढं पटलं तर निम्मे फोन वाचतील.

एकच फायटर ठेवा. तो पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो. चपट्या टाकीला याच्याइतका जुळणारा मासा नाही. दोन नर एकत्र नको, फाडून काढतात. जोराचा फिल्टरही नको, त्याच्या लांब पंखांना पाण्याचा झोत सोसत नाही.

नाहीतर पाच-सहा गप्पी, सगळे नर. "एकच मादी आणली होती, तिनं पिल्लं कशी घातली?" असं शेजारच्या वहिनी मला विचारायच्या. गप्पीची मादी नराचं बीज महिनोन्‌महिने पोटात साठवून ठेवते आणि जवळपास दर महिन्याला वेत काढते. वहिनींकडं दिवाळीला एक होती, शिमग्याला सत्तेचाळीस. मी स्वतः बसून मोजलेत.

गोल्डफिश नको. वीतभर वाढतो आणि घाण पुष्कळ करतो. एंजलही नको. झेब्रा डॅनिओ काटक खरा, पण तो पळणारा मासा, त्याला लांब टाकी लागते आणि उडी मारून बाहेर पडतो. वरती झाकण किंवा जाळी कुठल्याही माशाला ठेवा. तुमची टाकी छातीच्या उंचीवर आहे हे विसरू नका.

आठ सोनेरी, एक काळा असे नऊ मासे ठेवले की घरात लक्ष्मी येते म्हणतात.

हा फेंगशुईचा हिशोब. नऊ गोल्डफिशना २३ लिटर म्हणजे वाढप्याला जेवायला बसायला जागा नाही अशी पंगत. दर पंधरवड्याला नवा काळा मासा विकत आणावा लागेल. लक्ष्मी येईल, दुकानदाराकडं.

करंट गेला तर?

मासे कमी असतील तर तीन-चार तास काही होत नाही. हेस्कॉमचा दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट जाणार असा मेसेज आला की त्या दिवशी खायला घालू नका. दर तासाला मगानं पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओता. बॅटरीवरचा छोटा पंपही मिळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर पंपाची वायर त्याच्यावर घ्या, तीन-चार वॅटचा तो, त्यानं काय इन्व्हर्टर उतरत नाही.

करंट गेल्यावर खरा घोटाळा दुसराच होतो. हवेचा पंप टाकीच्या खाली स्टूलवर ठेवलेला असतो. तो बंद पडला की नळीतून पाणी उलटं खाली यायला लागतं. सकाळी टाकी अर्धी, पंप बुडालेला आणि बोर्डात पाणी. पंप पाण्याच्या पातळीच्या वर अडकवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. दोन्ही केलंत तर उत्तम. आणि प्रत्येक वायर बोर्डात जायच्या आधी बोर्डाच्या खालपर्यंत लोंबकळू द्या, मग वर वळवा. वायरवरून आलेला थेंब वळणावर खाली पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. पाण्यात हात घालण्याआधी सगळे स्विच बंद.

हीटर लागतो का?

मुंबईच्या लोकांचं ऐकून बरेच जण घेत नाहीत. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडं शाल सुटत नाही, आणि भिंतीवरची चपटी टाकी दोन्ही अंगांनी गार होते. फायटरला २५ ते २८ अंश लागतं. पाणी विशीच्या खाली गेलं की तो तळाशी पडून राहतो आणि लोक म्हणतात "आजारी पडला". २५ वॅटचा हीटर, थर्मोस्टॅट असलेला, पुरतो. काचेला किंवा प्लॅस्टिकला टेकवून ठेवू नका. पाणी बदलताना तो आधी बंद करा, नाहीतर उघडा पडून तडकतो.

उन्हाळ्यात उलटं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणून एप्रिल-मेमध्ये मासे वर येऊन धापा टाकतात, विशेषतः पत्र्याच्या घरात. झाकण काढून जाळी लावा, हवेचा पंप वाढवा, टेबल फॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्या.

खायला किती आणि किती वेळा?

माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. तुम्ही सोमवार धरत असाल तर त्यालाही सोमवार.

मासे उपासानं मरत नाहीत, पाहुण्यांनी मरतात. गणपतीत आमच्याकडं आरतीला पोरं जमली होती. कुणीतरी टाकीत चिरमुरे टाकले, एकानं कुंदा मिठाईचा तुकडा. चिरमुरे वर तरंगत होते म्हणून दिसले. कुंदा खडीत मुरला. तिसऱ्या दिवशी पाण्याला आंबट वास. तेव्हापासून गणपतीचे दिवस झाकणाला चिकटपट्टी.

साफ कशी करायची? आत हातच जात नाही.

आठवड्याला पाच-सहा लिटर पाणी काढायचं आणि मुरवलेलं तेवढंच घालायचं. टाकी उंचावर असल्याचा हा एक मोठा फायदा. नळीचं एक टोक खडीत, दुसरं खाली बादलीत, एकदा ओढ लागली की घाण आपोआप खाली येते. ते पाणी तुळशीला घाला, झकास वाढते. नुसती पातळी कमी झाली म्हणून वरून भर घालत राहू नका. वाफ पाण्याची होते, क्षार आणि घाण मागंच राहते.

काचेवरच्या शेवाळाला बांबूच्या कामटीला जुना टूथब्रश बांधा, किंवा चुंबकाचा पुसणा आणा. तारेची घासणी नको. पांढरे क्षारांचे डाग पाण्याच्या वरच्या कडेला येतात. पातळी थोडी उतरवून फडक्यावर लिंबू घ्या, पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं परत पुसा. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवू नका. काढलेल्या टाकीच्या पाण्यात पिळून घ्या. बादली माशांची वेगळी ठेवा आणि तिला साबण लावायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगा, मोलकरणीलासुद्धा.

पाणी पांढरट झालंय. / पाणी हिरवं झालंय.

पांढरट, नवीन टाकीत: काही करू नका, खाद्य निम्मं करा, आठवड्यात निवळतं. हिरवं: उजेड जास्त. लाइट सहा तासांवर आणा. मनी प्लँटची फांदी वरून मुळं पाण्यात येतील अशी लावली तर शेवाळाचा घास ती खाते.

माशाच्या अंगावर साखर भुरभुरल्यासारखे ठिपके आलेत.

पांढरे ठिपके, थंडी बदलली की येणारा रोग. हा परजीवी खडीतही असतो, म्हणून उपचार टाकीतच करायचा. पाणी हळूहळू २८ अंशांपर्यंत न्या, हवा वाढवा, आणि खडे मीठ लिटरला २ ग्रॅम या मापानं दोन दिवसांत विभागून, विरघळवून घाला. वजनकाट्यावर मोजा, मुठीनं नको. ठिपके दोन-तीन दिवसांत गेले तरी आठ-दहा दिवस मीठ तसंच राहू द्या. मग नेहमीच्या पाणी बदलण्यात ते आपोआप उतरतं. मिठानं पानवनस्पती सुकतात, त्या आधी काढा.

सौंदत्तीला जायचंय, चार दिवस. पंढरपूरला तर पंधरा.

चार दिवस खुशाल जावा, लाइट बंद करून, पंप चालू ठेवून. यल्लम्माच्या डोंगरावरून परत येईपर्यंत माशांना काही होत नाही. पंधरा दिवसांसाठी कागदाच्या पाच पुड्या बांधा, एकेका दिवसाच्या, आणि शेजाऱ्याला सांगा, दर तिसऱ्या दिवशी एक पुडी. डबा लपवून ठेवा. प्रेमळ शेजारी जास्त धोक्याचा.

वीज बिल?

लाइट ६ वॅटचा आठ तास आणि पंप ३ वॅटचा दिवसभर धरला तर महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. थंडीत हीटर रोज बारा तास चालला तर त्याचे नऊ.

कासवाचं पिल्लू ठेवू का? किंवा मलप्रभेतले छोटे मासे?

कासव नाही. आपल्या विहिरी-तळ्यांतली कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, घरी ठेवणं गुन्हा आहे. ओढ्यातल्या माशाला वाहतं, गार पाणी लागतं. पोरांनी टॉवेलमध्ये धरून आणलेला मासा संध्याकाळपर्यंत बरणीत बघा आणि परत तिथंच नेऊन सोडा.

कंटाळा आला तर मासे कुठं सोडू? आणि भिंतीतल्या भोकांचं काय?

मार्कंडेयेत नको, तळ्यात नको, गावच्या विहिरीत नको. बाजारातले मासे आपल्या पाण्यात सुटले तर इथल्या माशांचं खाद्य खातात, रोगही पसरवतात. आरोग्य खातं डासांसाठी गप्पी सोडतं ते त्यांचं त्यांनी ठरवून केलेलं असतं. तुम्ही दुकानात परत द्या किंवा मला फोन करा, कुणीतरी घेणारा असतोच.

बोल्ट काढून भोकात सिमेंट भरलं, वर पुट्टी मारली की झालं. मी हॉलमधली टाकी मधल्या खोलीत हलवली तेव्हा तीन भोकं बुजवली. चौथं आईनं बुजवू दिलं नाही. पस्तीस किलोसाठी ठोकलेल्या त्या दहा एमएमच्या अँकरवर आता तिचं कॅलेंडर लटकतंय, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, असा मजबूत खिळा अख्ख्या वडगावात कुणाकडं नाही.